कोंबड्यांची मर लपवू नका



बेणे, लागण, खोडवा हे आमचे नेहमीचे विषय. यावेळी आम्ही बर्ड फ्लूचा विषय घेत आहोत, त्याला कारण आहे. दिघाशी गटात उसाला कोंबडखत घालतात, परसात पाच-दहा कोंबड्या असतात आणि तोडणीच्या टोळ्याही आपल्या कोंबड्या बरोबर आणतात.

हा रोग विषाणूचा. त्याची घातक जात एच५एन१. रानबदकांसारखे पाणपक्षी तो फारसे आजारी न पडता बाळगू शकतात. त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात, खाद्यात उतरतो. कोंबडीला लागला की दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे होते. पुढे पायताण, गाडीची चाके, अंड्यांचे ट्रे आणि खताची पोती यांवरून तो गावोगाव जातो.

आपल्या देशात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला आला. २०२४ अखेर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावला. त्याच वर्षी अमेरिकेत तो दुभत्या गाईंत शिरला; कच्चे दूध प्यालेली मांजरे मेली. म्हणजे रोग आता पक्ष्यांपुरता राहिलेला नाही.

माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर भारी पडतो. २००३ पासून जगभरात नोंदलेल्या हजाराच्या आसपास रुग्णांपैकी निम्म्याच्या जवळपास दगावले. २०२१ साली हरियाणाचा एक मुलगा दिल्लीत गेला. माणसातून माणसात तो सहज पसरत नाही. पूर्ण शिजवलेले मटण, अंडी खाण्यास हरकत नाही.

ध्यानात ठेवा :

१. कोंबड्या पटापट मरू लागल्या, तुरा-गलोल निळे पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कावळे, बगळे मेलेले दिसले तरी कळवा.

२. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. पाटात, उसात फेकू नका. डालग्याखाली झाकून कुत्री-मांजरे दूर ठेवा. पोरांना जवळ जाऊ देऊ नका.

३. मरतुक लागली म्हणून उरलेल्या कोंबड्या घाईने विकू अगर कापू नका.

४. मर झालेल्या शेडचे खत कितीही स्वस्त मिळाले तरी आणू नका. एरवीही कोंबडखत चांगले कुजवूनच घाला.

५. दूध उकळूनच प्या.

६. आजारी पक्ष्यांशी संबंध आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांची हकीकत आधी सांगा.

कळवले तर सगळ्याच कोंबड्या मारतील, ही भीती आम्ही बांधावर ऐकतो. ती खोटी नाही. पण सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. चार दिवस लपवले तर कोंबडीही जाते आणि भरपाईही, शिवाय शेजाऱ्याच्या खुराड्याला रोग लागतो तो वेगळाच. तोडणी मुकादमांनाही हे वाचून दाखवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी