शाळेच्या संगणककक्षासाठी सर्व्हर कसा निवडावा?

सर्व्हर हे काही निराळ्या जातीचे यंत्र नव्हे. मुलांचे काम, पुस्तके व चित्रफिती एके ठिकाणी साठवून मागेल त्या संगणकास पुरविणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या गावी तो समजावून सांगणे कठीण पडू नये. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानांच्या अमदानीत, तबकतुल अर्ज ह्या फारसी जाणकाराने सातपुड्याचे झिरपते पाणी भुयारी मार्गाने केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणले. तोच आपला कुंडी भंडारा. साठा एक, घेणारे अनेक. वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत त्या हवेसाठी व आत उतरता यावे म्हणून. जे उघडून साफ करता येत नाही ते टिकत नाही, हे त्या कारागिरांस ठाऊक होते.

तेव्हा प्रथम काम कोणते ते ठरवावे. कक्षातील वीस संगणक स्वतः धडधाकट असतील, तर सर्व्हरने फक्त साठवायचे व वाटायचे. त्यास १६ गिगाबाईट रॅमचा साधा, चांगल्या बांधणीचा संगणक पुरतो. परंतु वीस जुने संगणक केवळ पडदा व कळफलक म्हणून वापरून सर्व कामे सर्व्हरवरच चालवायची असतील, तर हिशेब बदलतो. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट ही १९९९ पासूनची मोफत व्यवस्था ह्याचसाठी आहे. मात्र एका मुलाने ब्राउझर उघडला की एक गिगाबाईट सहज खर्ची पडते. म्हणून ३२ गिगाबाईटच्या खाली जाऊ नये.

साठवणीसाठी दोन डिस्क घ्याव्यात, म्हणजे एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटते व एक बिघडली तरी काम अडत नाही. पण चुकून पुसलेले दोन्हींवरून पुसले जाते. आठवड्यास एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. दहावीच्या मुलींचे वर्षभराचे प्रकल्प एका दुपारी नाहीसे होणे परवडणारे नाही.

वीस मुलांनी एकदम चित्रफीत पाहिली व प्रत्येकी ३ मेगाबिट धरले, तर ६० मेगाबिट होतात. गिगाबिट स्विच व तारा असल्यास हे काहीच नव्हे. इंटरनेट बंद पडले तरी किविक्स ह्या मोफत साधनाने उर्दू, हिंदी व मराठी विकिपीडिया सर्व्हरवरूनच वाचता येतो. उर्दूसाठी नस्तालीक फाँट सर्व संगणकांवर आठवणीने घालावा. नाहीतर मुले नस्ख अक्षरांत अडखळत वाचतात.

आता इतवाऱ्याची गोष्ट. येथे पॉवरलूमचे तंतू हवेत असतात, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि विजेचा दाब वरखाली होतो. स्वस्तात मिळणारे कंपन्यांचे जुने रॅक सर्व्हर दिसण्यास भारदस्त, पण ते वातानुकूलित खोलीसाठी घडविलेले. त्यांच्या पंख्यांच्या घरघरीत शिक्षकाचा आवाज बुडतो. असे यंत्र १५० वॅट खात असेल, तर रोज ६ तास व २२० दिवस धरून वर्षास १९८ युनिट जळतात. ६० वॅटच्या उभ्या डब्यास ७९ पुरतात. देणगीची पाटी लहान यंत्रावरही लावता येते!

पंखा व पॉवर सप्लाय हेच भाग बहुधा आधी जातात. ते सर्वसाधारण मापाचे असावेत व बऱ्हाणपूर, खंडवा किंवा फार तर जळगावास मिळावेत. डबा साध्या स्क्रूने उघडावा. महिन्यास एकदा ब्रशने तंतू काढावेत. यूपीएसवर सर्व्हर व स्विच दोन्ही जोडावेत.

पैसे चुकते करण्यापूर्वी विक्रेत्यासमोर वीसही संगणकांवर एकच चित्रफीत अर्धा तास चालवावी, आणि मध्येच मुख्य बटण बंद करून यूपीएसवर सर्व्हर दहा मिनिटे तग धरतो काय ते घड्याळ लावून पाहावे.