बोटावरचा आकडा आणि मनगटातले रक्त



फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेले, की आधी त्याच्या बोटाला चिमटा लावतात. हा पल्स ऑक्सिमीटर करोनापासून आपल्या वस्तीत सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. आकडा ९६-९७ दिसला की नातेवाईक निर्धास्त होतात आणि सुट्टीची घाई करतात. विषबाधेत ही घाई जिवावर बेतू शकते. ते कसे, हे समजून घेऊ.

श्वासाची दोन कामे

श्वास आत घेतला की ऑक्सिजन मिळतो. बाहेर सोडला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बोटावरचा चिमटा फक्त पहिल्या कामाबद्दल सांगतो, दुसऱ्याबद्दल नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप बिघडवतात. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यातल्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात, अंग फडफडते. पुढे छातीचे स्नायू थकतात आणि श्वास उथळ होतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो. आत मात्र कार्बन डायऑक्साइड साचतो, रक्तातले आम्ल वाढते आणि माणूस गुंगीत जातो. घरच्यांना वाटते, थकून झोपला.

एबीजी म्हणजे काय

हे साचणे ओळखणारी तपासणी म्हणजे एबीजी, अर्थात आर्टेरियल ब्लड गॅस. नेहमीचे रक्त शिरेतून घेतात. हे रक्त बहुधा मनगटाच्या धमनीतून, म्हणजे जिथे नाडी लागते तिथून घेतात. ते जास्त दुखते. पण रक्त लागते १-२ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी. म्हणून 'सारखे रक्त काढून नेतात' असा संशय धरू नये. विषबाधेच्या रुग्णाची तब्येत तासातासाला बदलते, त्यामुळे ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

सुई काढल्यावर ती जागा किमान ५ मिनिटे दाबून धरावी लागते. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर आधीच सिस्टरला सांगा. अशा रुग्णाला आणखी वेळ दाबावे लागते.

रिपोर्टमध्ये तीन आकडे मुख्य असतात. पीएच ७.३५ ते ७.४५ असावा. तो खाली गेला म्हणजे रक्तात आम्ल वाढले. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ असावा. तो चढत असेल तर श्वास पुरत नाही. ऑक्सिजन साधारण ८० ते १०० असावा. मात्र ऑक्सिजन लावलेला असताना हा आकडा वेगळा वाचावा लागतो. अर्थ लावणे डॉक्टरांचे काम, पण 'कार्बन डायऑक्साइड किती आला?' हे विचारणे आपले काम.

हे रक्त दूरच्या लॅबला पाठवून चालत नाही. सिरिंजमधल्या पेशी जिवंत असतात, त्या ऑक्सिजन वापरतच राहतात आणि आकडे बदलतात. म्हणून यंत्र रुग्णाजवळच हवे, मग काही मिनिटांत उत्तर मिळते. आशाताईकडची मलेरियाची किट किंवा साखर मोजायचे ग्लुकोमीटर याच प्रकारचे, जागेवर उत्तर देणारे. पण यंत्र असून कार्ट्रिज संपलेले असेल, तर ते नसल्यासारखेच.

ही तपासणी आली कुठून

१९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास लुळा पडलेल्या सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखले की रुग्णांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आहे. मग गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबून श्वास देणे सुरू झाले. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस फुगे दाबत बसले आणि मृत्यू पुष्कळ कमी झाले. तिथल्याच प्रयोगशाळेचे पोल अ‍ॅस्ट्रुप यांनी रक्ताच्या या तपासणीची पद्धत बसवली. पोलिओ असो की कीटकनाशक, श्वासाचे स्नायू थकले की धोका तोच.

२०१७ विसरू नका

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दाखल झाले. आपल्या अकोल्यातही बळी गेले. पऱ्हाटी डोक्यापेक्षा उंच वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. हे विष शरीरात किती भिनले हे सांगणारी कोलिनेस्टरेज तपासणी तेव्हा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होत नव्हती, हेही पुढे आले. उपचार या तपासणीसाठी थांबवायचे नसतात. पण तपासणीच नसेल तर विषबाधा किती खोल हे समजत नाही, आणि कागदावर पुरावाही राहत नाही.

आपण काय करायचे

१. रुग्णाचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिक घालावे. उलटी मुद्दाम काढू नका. १०८ ला फोन करा.

२. औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या.

३. दवाखान्यात विचारा: अ‍ॅट्रोपिन आहे का? एबीजी होते का? व्हेंटिलेटर रिकामा आहे का? नसेल तर लवकर रेफर करा म्हणा, आणि जिथे पाठवतात तिथे या सोयी आहेत का, हे फोनवर विचारून घ्यायला सांगा.

४. बरे वाटले तरी डॉक्टरांना न विचारता घरी नेऊ नका. पहिल्या ४ दिवसांत श्वास पुन्हा खचू शकतो. रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर बोटावरचा आकडा कितीही चांगला असला तरी लगेच सिस्टरला बोलवा.

५. दाखल पेपर, एबीजीचे रिपोर्ट यांच्या प्रती जपून ठेवा.

फवारणी जुलैत सुरू होते. त्याआधी महिला मंडळाने आणि तरुणांनी ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला लेखी विचारावे: अ‍ॅट्रोपिनचा साठा किती, कोलिनेस्टरेज कुठे होते, एबीजीचे सर्वात जवळचे चालू यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे? मिळालेले उत्तर विहाराच्या फलकावर लावा. पाठीवर पंप घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो.