आधी ओळ लाव, मग बेरीज कर

शिरूर अनंतपाळ

चि. वैष्णवी,

तुझा फोन आला तेव्हा मी सोयाबीनच्या कोळपणीत होतो. "मामा, मोठ्या ग्राहकापासून खाली चढती बेरीज लावली, तर दोन ओळींत एकच आकडा येतोय आणि मधला एक गायबच आहे," असं तू म्हणालीस. बांधावरून नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. तुझं गणित चुकलेलं नाही, बाई. तुझ्या यादीत दोघांचे आकडे सारखे आहेत.

पुण्यात रिपोर्टांच्या कामाला लागण्याआधी मी मोंढ्यात एका आडतीवर मुनीमजींच्या हाताखाली होतो. रोजमेळात क्रमाचा प्रश्न नसतो. तारीखच ओळ लावते, पान संपलं की शिल्लक पुढच्या पानावर न्यायची. एकदा मालक म्हणाले, "उचल जास्त त्याचं नाव वर घे. बेरीज दीड लाखाच्या आत आहे तोवरच्यांना वसुलीच्या चिठ्ठ्या पाठव." खाती सहा होती: ६०, ४०, ३०, ३०, २० आणि २० हजार. चढती बेरीज झाली ६०, १००, १३०, १६०, १८०, २००. तिसऱ्याला चिठ्ठी गेली, चौथा सुटला. दोघं एकाच गावचे, बांधाला बांध. तिसरा दुकानात येऊन उभा राहिला, "उचल दोघांची सारखी, मग चिठ्ठी मलाच का?" त्याचं खातं वहीत आधीच्या पानावर होतं, एवढंच कारण होतं. ते सांगायची मला लाज वाटली.

तुझ्या पॉवर बीआयमध्ये याच्या उलट झालंय. क्रमांक लावणारं त्यातलं रँकएक्स हे फंक्शन सारख्या आकड्यांना सारखाच क्रमांक देतं, म्हणजे दोघंही तिसरे. तू सांगितलंस, या क्रमांकापर्यंतचे सगळे मिळव. तिसऱ्यापर्यंत म्हणताच दोघंही आत आले. म्हणून माझ्या यादीत दोघांसमोर १६० दिसले असते आणि १३० गायब झाले असते. चिठ्ठी दोघांनाही गेली नसती.

एसक्यूएलमध्येही हीच गोम आहे. बेरजेच्या ओव्हरमध्ये नुसतं ऑर्डर बाय लिहिलं, तर ते मुकाट्यानं 'रेंज' धरतं आणि समान आकडे एकदम मिळवतं. 'रोज' (ROWS, म्हणजे ओळी) लिहिलं, तर एकेक ओळ मिळवतं. पण समानांत आधी कोण, याची हमी देत नाही. आज एक वर, उद्या दुसरा. म्हणून दुसरी कसोटी आपण द्यायची: रक्कम सारखी असेल तर खाते क्रमांक बघ. तो दोघांचा कधीच एक नसतो.

पण एवढ्यावर थांबू नकोस. तक्ता नीट दिसावा म्हणून खाते क्रमांक चालतो. माणसाबद्दल निर्णय घ्यायला चालत नाही. रेषा ओढायची वेळ आली, तर सारख्यांना रेषेच्या एकाच बाजूला ठेव. कोणत्या बाजूला, ते मालकाला आधी विचार.

दुसरी ठेच चाळणीची. १९९९ साली शिरूर अनंतपाळ, देवणी, जळकोट आणि रेणापूर हे तालुके नवे झाले, आणि लातूर जिल्ह्याचे तालुके दहा झाले. समज, दहाही तालुक्यांची सोयाबीनची आवक तू क्रमानं लावलीस आणि साहेबांनी स्लायसरवर हे चारच निवडले. आता पहिला नंबर चारांतला की दहांतला? टक्के चारांच्या एकूणाचे की जिल्ह्याच्या? 'ऑल' लिहिलंस तर निवड बाजूला सारून दहाही मोजले जातात. 'ऑलसिलेक्टेड' लिहिलंस तर निवडलेले चारच. दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

आणि वीस टक्के ग्राहकांकडून ऐंशी टक्के धंदा, हे पॅरेटोच्या नावानं चालणारं वचन जपून वापर. इटलीच्या विल्फ्रेडो पॅरेटोनं संपत्तीची वाटणी अभ्यासली होती. त्याचं नाव या ठोकताळ्याला जोसेफ जुरान यांनी पुढं दिलं. तो अनुभव आहे, कायदा नव्हे. आधी आपल्या आकड्यांत रेषा कुठं पडते ते बघ. रेषेखाली उरलेले टाकाऊ नसतात. जिल्ह्याच्या यादीत आपला छोटा तालुकाही खालीच सापडेल, पण खत आणि पाणी इथंही लागतंच.

बेरजेचा शेवटचा आकडा कोणत्याही क्रमानं तोच येतो. मधले सगळे क्रमाचे गुलाम. म्हणून प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर तीन गोष्टी लिही: ओळ कशानं लावली, सारखे आले तर काय केलं, टक्के कोणत्या एकूणाचे. मग कुणी "मलाच का?" विचारलं, तर तुला मान खाली घालावी लागणार नाही.

दिवाळीला ये. आई तुझी वाट बघतेय.

तुझा,
मामा