स्वप्नात असता ते स्वप्न आहे हे का कळत नाही?

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४१:१-८, १ राजे ३:५-१५, यशया २९:८, प्रे. कृ. १२:६-११
पाठांतरासाठी : १ थेस्सल. ४:१४

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात उदयनगर नावाचे गाव आहे. तेथील एका मराठी ख्रिस्ती घरी प्रार्थनेसाठी जाण्याचा योग आम्हांस गेल्या पावसाळ्यात आला. इंदूरहून बसने पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. गीत झाले, वचन झाले, प्रार्थना झाली. मंडळी उठू लागली, तेव्हा घरातील काकू आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले आहेत.

काकू म्हणाल्या, “भाऊ, एक विचारू? परवा पहाटे हे स्वप्नात आले. ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, चहा टाक, साखर कमी. मी आधण ठेवलं. दूध नव्हतं म्हणून शेजारी मागायलासुद्धा गेले. पण हे आता नाहीत, हे मला एकदासुद्धा आठवलं नाही! जाग आली तेव्हा घर रिकामं. माणूस आपलं एवढं मोठं दुःख विसरतं कसं? माझं प्रेम कमी झालं का?”

आम्ही त्या वेळी दोन शब्द बोललो, परंतु आमचे आम्हांलाच ते अपुरे वाटले. म्हणून घरी आल्यावर पवित्र शास्त्र काढून बसलो व डॉक्टर-शास्त्रज्ञांनी काय शोधले आहे तेही वाचले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१. शास्त्रातील स्वप्न पाहणारे

फारोचे स्वप्न आपल्या शब्बाथ शाळेतील मुलांना तोंडपाठ असते. सात रोड गायींनी सात पुष्ट गायी खाऊन टाकल्या. गाय कधी गाय खाते काय? आपला एखादा गुराखी पोरगाही हे पाहून ओरडला असता. परंतु मिसराचा राजा ते निमूटपणे पाहत राहिला. पुढे कणसांनी कणसे गिळली, तरी त्याला नवल वाटले नाही. जागा झाल्यावरच ते स्वप्न होते हे त्याला कळले आणि सकाळी त्याचे मन अस्वस्थ झाले.

शलमोनाचेही तसेच. गिबोन येथे त्याने देवाजवळ ज्ञान मागितले व देवाने ते देऊ केले. हे सर्व संभाषण झाल्यावर तो जागा झाला, तेव्हा त्यास समजले की हे स्वप्न होते. ज्ञान मागणाऱ्यालाही निद्रेत हे ओळखता आले नाही! आणि देवाने त्याबद्दल त्याला बोल लावला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

यशया संदेष्ट्याने भुकेल्या मनुष्याचा दाखला दिला आहे. तो स्वप्नात जेवतो; पण जागा होतो तेव्हा पोट रिकामेच असते. जेवत असताना “हे खोटे अन्न” असे त्याच्या मनात येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे. टिळक ज्यांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, त्या तुकारामांनी आपल्या अभंगात सांगितले आहे की, गुरूने स्वप्नात भेटून मस्तकी हात ठेवला व भोजनासाठी पावशेर तूप मागितले, पण त्याचा स्वप्नात विसर पडला. ज्या गुरूची आस लागली होती त्याचेच मागणे विसरले! मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण खरी आहे. परंतु मनी असलेले सगळेच स्वप्नी आठवत नाही, हेही तितकेच खरे.

२. असे का होते?

१९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की व क्लाइटमन या दोघा संशोधकांनी एक गोष्ट प्रसिद्ध केली. झोपेत काही वेळा मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. त्या वेळी माणसाला उठविले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था सुमारे दीड-दीड तासाने, एका रात्रीत चार-पाच वेळा येते. पुढे १९९० च्या दशकात झोपलेल्या माणसांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्यात आला. तेव्हा दिसून आले की, या अवस्थेत भय, हर्ष, माया या भावनांशी संबंधित भाग चांगला जागा असतो, मात्र कपाळामागील जो भाग पडताळा पाहतो, मागचे-पुढचे जुळवितो, “हे कसे शक्य आहे?” असे विचारतो, तो बराचसा मंदावलेला असतो.

शिक्षकांनी वर्गात हे असे समजावून सांगावे. एखाद्या कचेरीत सर्व कारकून कामावर आहेत, कागदांमागून कागद येत आहेत, परंतु तपासून सही करणारे साहेब मात्र रजेवर आहेत. मग जो कागद येईल तो खराच ठरतो. त्यात दारेखिडक्या बंद. डोळे मिटलेले, कान जवळजवळ बंद. म्हणून बाहेरून येऊन “अहो, हे खोटे आहे” असे सांगणारा साक्षीदारही नाही. आणि जुने दप्तर उघडून पाहावे, तर आठवणीचे कपाट अर्धवटच उघडते. साक्षीदार नाही, दप्तर नाही, साहेब नाहीत. स्वप्न ओळखावे कोणी?

तरीही कधीकधी ते ओळखता येते. १९७५ साली इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न या संशोधकाने हे दाखविले. निजलेल्या मनुष्याने, आपण स्वप्नात आहोत हे ओळखून, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीउजवीकडे हलवून खूण केली. ज्यांना हे साधते त्यांपैकी काही जण दिवसा वारंवार स्वतःला विचारतात, “मी आता जागा आहे काय?” विचारण्याची ती सवय एखाद्या रात्री स्वप्नातही त्यांच्या कामी येते.

३. विचारणारा कोणी असावा

हे वाचताना आम्हांस संत ऑगस्टीन यांच्या एका पत्राचे स्मरण झाले. इ. स. ४१५ च्या सुमारास त्यांनी आपला मित्र इवोदियुस यास कार्थेजच्या गेन्नादियुस नावाच्या वैद्याची हकीकत कळविली. मरणानंतर जीवन आहे की नाही, याविषयी या वैद्यास पूर्वी संशय असे. एका रात्री स्वप्नात एका तरुणाने त्यास एका नगराकडे नेले व तेथे त्याने अति मधुर गायन ऐकले. जागा झाल्यावर, स्वप्नच ते, म्हणून त्याने ते सोडून दिले. दुसऱ्या रात्री तोच तरुण आला व त्याने विचारले, मला ओळखतोस काय? ते नगर तू झोपेत पाहिलेस की जागेपणी? वैद्य म्हणाला, झोपेत. तरुण म्हणाला, बरोबर. पण आताही तू झोपेतच पाहत आहेस. तुझे शरीर कोठे आहे? बिछान्यावर. डोळे? मिटलेले. मग मला पाहतोस ते कोणत्या डोळ्यांनी? वैद्य निरुत्तर झाला.

गेन्नादियुसाला आपण स्वप्नात आहोत हे आपोआप कळले नाही. कोणीतरी त्याला प्रश्न विचारला, तेव्हा कळले.

४. जागेपणीची झोप

निद्रेतील हे न कळणे दोष नव्हे. देवाने निर्माण केलेल्या शरीराचा तो धर्म आहे. परंतु जागेपणी, साहेब कचेरीत हजर असताना, जर कोणी तपासणी केली नाही, तर त्याचा जाब द्यावा लागतो. शमशोन झोपेतून उठला आणि पूर्वीसारखाच बाहेर पडू लागला. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे, हे त्यास ठाऊक नव्हते (शास्ते १६:२०). लावदिकीया येथील मंडळी आपण धनवान आहोत असे समजत होती आणि आपले दारिद्र्य तिला ठाऊक नव्हते (प्रकटी. ३:१७). दावीद राजाही मोठे पातक करून निर्धास्त बसला होता. नाथानाने येऊन मेंढीची गोष्ट सांगितली आणि बोट त्याच्याकडेच दाखविले, तेव्हा त्याचे डोळे उघडले (२ शमु. १२).

वाचकहो, आपल्याला असा नाथान आहे काय? आणि कोणी तसा प्रश्न विचारला तर आपण त्याच्यावर रागावतो, की थांबून विचार करतो? आम्ही स्वतः उपदेश करणारे. आम्हांस प्रश्न विचारण्याचे धाडस फार थोडे करतात, आणि हाच आमचा मोठा धोका आहे.

५. काकूंना उत्तर

काकू, तुम्ही यजमानांना विसरला नाहीत. चहात साखर कमी, हे तुम्हांला झोपेतही बिनचूक आठवले. माया जागी होती. फक्त मरणाची नोंद ज्या दप्तरात आहे ते त्या घटकेला मिटलेले होते. त्यात तुमचा अपराध नाही.

मात्र त्या स्वप्नाला निरोप समजून त्यावर भरवसा ठेवू नये. स्वप्न ते स्वप्न व वचन ते वचन, भूस निराळे व गहू निराळे, असे यिर्मयाने शिकविले आहे (२३:२८). आपली आशा स्वप्नावर नाही, येशू मेला व पुन्हा उठला यावर आहे. पेत्र तुरुंगातून खरोखर सुटला होता, तरी आपण दृष्टांत पाहत आहोत असेच त्याला वाटले. रस्त्यावर आल्यावर तो भानावर आला. त्याची सुटका मात्र त्याच्या भानावर येण्याआधीच झालेली होती. जे ख्रिस्तात निजले आहेत त्यांच्याविषयीही आमचा असाच विश्वास आहे.

वर्गासाठी प्रश्न

१. फारोला स्वप्नात नवल का वाटले नाही? जागेपणी का वाटले?
२. शमशोन, दावीद व लावदिकीयाची मंडळी यांना काय ठाऊक नव्हते? त्यांना ते कोणी व कसे कळविले?
३. या आठवड्यात “माझ्यात काय चुकते आहे?” असे तुम्ही कोणाला विचाराल? एक नाव मनात ठरवा.