नैरोबीत टॅक्सीने सुरक्षित प्रवास कसा करावा?

आज आपण आफ्रिका खंडातल्या केनिया देशाच्या राजधानीत, म्हणजे नैरोबीत, टॅक्सीने सुरक्षित कसं फिरायचं ते पाहू.

नैरोबीत 'मटाटू' म्हणजे खासगी मिनीबस, 'बोडा बोडा' म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली आणि टॅक्सी चालतात. स्टँडवरच्या टॅक्सीला पिवळा पट्टा असतो. तिचं भाडं बसण्याआधीच ठरवायचं. उबर, बोल्ट, लिटल या ॲपवर मात्र अंदाजे भाडं आधीच दिसतं.

बसण्याआधी
१. गाडी येईपर्यंत हॉटेल किंवा मॉलच्या आतच थांबा.
२. नंबर प्लेट, गाडीचा रंग आणि ड्रायव्हरचा फोटो ॲपशी जुळवा. जुळत नसेल तर बसू नका.
३. आपलं नाव आपणहून सांगू नका. "कुणाला न्यायला आलात?" असं विचारा.
४. ट्रिपची लिंक घरच्यांना पाठवा.

बसल्यावर
मागच्या सीटवर बसा, बेल्ट लावा. ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की उघड्या काचेतून मोबाईल हिसकावला जाऊ शकतो, म्हणून काच वर ठेवा. केनियातही आपल्यासारखीच वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून डाव्या दारानेच उतरा.

सर्वांत महत्त्वाचं
कधी कधी ड्रायव्हर म्हणतो, "ट्रिप कॅन्सल करा, मला रोख द्या." यात त्याचं कमिशन वाचतं, पण आपली नोंद पुसली जाते! कोणती गाडी, कोण ड्रायव्हर, कुठे चाललो, हे मग कुणालाच कळत नाही. बॅग राहिली किंवा काही बरंवाईट झालं तर शोधायचं कुठे? म्हणून शांतपणे नाही म्हणा आणि दुसरी गाडी बोलवा. थोडे पैसे वाचवण्यापेक्षा ही नोंद मोलाची आहे.

केनियात २००७ पासून 'एम-पेसा' ही मोबाईलवरून पैसे देण्याची सेवा आहे. त्यामुळे खिशात जास्त रोकड बाळगावी लागत नाही. बोडा बोडावर बसायचंच असेल तर हेल्मेट मागा. रात्री टाळलेलंच बरं. संकटात ९९९ किंवा ११२ हा नंबर लावा.

उपयोगी स्वाहिली शब्द
पोले पोले – हळूहळू
सिमामा हापा – इथे थांबा
असांते – धन्यवाद

स्वाध्याय
१. ट्रिप कॅन्सल केल्यास प्रवाशाचं काय नुकसान होतं?
२. वरीलपैकी कोणते नियम आपल्या शहरातल्या रिक्षालाही लागू पडतात? घरी चर्चा करा आणि यादी वहीत लिहा.