‘येथे’ म्हणजे कोठे?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या समन्वयाने उभ्या राहिलेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’त मराठी ग्रंथांचीही पाने प्रतिमारूपाने साठविली गेली. अशा संग्रहात ग्रंथागणिक डिरेक्टरी निराळी असली, तरी पृष्ठांच्या फाइलींची नावे सारखीच असू शकतात. म्हणून प्रोग्राममधून शेलला आज्ञा देताना ‘येथील पहिले पान’ यातील ‘येथे’ निश्चित नसेल, तर एका ग्रंथाचे पान दुसऱ्याच्या पानावर लिहिले जाण्याचा धोका संभवतो.

ही अडचण जुनीच आहे. युनिक्सच्या आरंभकाळी प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र अपत्य-प्रक्रिया निर्माण होऊ लागताच डिरेक्टरी बदलणारी आज्ञा निष्फळ ठरली, असे डेनिस रिची यांनी १९७९ मध्ये नमूद केले आहे. अपत्याला जनकाचे स्थान वारशाने मिळते. परंतु अपत्याने केलेले स्थलांतर त्याच्याबरोबरच संपते. त्यामुळे एका आज्ञेत ‘सीडी’ आणि पुढच्या आज्ञेत काम, ही रचना फसते. संपूर्ण प्रोग्रामचे स्थान बदलणेही सुरक्षित नव्हे. कारण सामान्यतः त्यातील सर्व थ्रेडांचे स्थान एकच असते.

यास्तव पायथॉनमध्ये ‘सबप्रोसेस’च्या प्रत्येक आज्ञेसोबत ‘सीडब्ल्यूडी’द्वारे डिरेक्टरीचा मुळापासूनचा पूर्ण मार्ग द्यावा, हे युक्त होय. वक्ता कोठे उभा आहे हे कळल्यावाचून ‘येथे’ या शब्दाचा अर्थ लागत नाही. सापेक्ष मार्गाचेही तसेच आहे.