आडात नाही ते पोहऱ्यात कोठून?

शिडाची होडी कशाने चालते? वाऱ्याने. वारा तर फुकट असतो. मग अशा होडीला वीज कशाला हवी?

वीज हवी ती दुसऱ्या कामांसाठी. रात्री होडीवर दिवे लावावे लागतात. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा. हा साऱ्या जगाच्या समुद्रावरचा नियम आहे. दिवा नसला तर मोठ्या जहाजाला होडी दिसत नाही. टक्कर झाली तर होडी बुडते, माणसे जातात. शिवाय निरोप धाडण्याचे यंत्र असते, वाट दाखविणारे यंत्र असते. माणूस झोपला तर सुकाणू धरून ठेवणारे यंत्रही असते. या साऱ्यांना वीज लागते.

अशा होडीतून लांबवर जाणारे लोक जगात पुष्कळ आहेत. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. होडीचे नाव ‘म्हादेई’. ती गोव्यात बांधलेली होती.

भर समुद्रात विजेची तार कोठून येणार? म्हणून असे लोक होडीवर सोलर पॅनेल बसवितात. उन्हाची वीज होते, ती बॅटरीत साठते, आणि रात्री कामाला येते.

इथवर ठीक आहे. पण जिथे गरज, तिथे विकणारा येतोच. कोणी म्हणतो, “आमचे नवे पॅनेल दुप्पट वीज देते.” कोणी म्हणतो, “सावली पडली तरी फरक नाही.” कोणी तर म्हणतो, “चांदण्यातसुद्धा चालते!” यावर भरवसा ठेवावा का? आम्ही म्हणतो, लगेच हो म्हणू नका. लगेच नाहीही म्हणू नका. आधी मोजा.

माप काय घ्यावे? आपले जुने लोक सांगून गेले आहेत: आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? इथे सूर्य हा आड, आणि पॅनेल हा पोहरा. आडात पाणी किती, ते आधी पाहू.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी जागा घ्या. तिला एक चौरस मीटर म्हणतात. भर दुपारी, स्वच्छ आभाळ असताना, तेवढ्या जागेवर सुमारे १००० वॅट एवढे ऊन पडते. यातले सगळे ऊन विजेत बदलत नाही. बाजारातले चांगले पॅनेल शंभरातले २० ते २३ भाग वीज करते. म्हणजे एक चौरस मीटरला २०० ते २३० वॅट. बाकीच्या उन्हाची बहुतेक उष्णताच होते.

आता एक जण म्हणाला, “माझे एक चौरस मीटरचे पॅनेल ५०० वॅट देते.” म्हणजे शंभरातले ५० भाग. हे कितपत शक्य आहे? २०२२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एका लहानशा तुकड्यावर ऊन एकवटून पाडले. तेव्हा शंभरातले ४७.६ भाग हाती आले. हा विकणारा त्यांच्याही पुढे गेला की काय? मग त्याने पुरावाही तेवढाच मोठा दाखवावा.

इथे एक गोम आहे, ती ध्यानात ठेवा. ५०० वॅटचे पॅनेल बाजारात खरोखर मिळते. पण ते दोन चौरस मीटरहून मोठे असते. म्हणून नुसते ‘वॅट किती’ एवढे विचारून भागत नाही. ‘लांबी-रुंदी किती’ हेही विचारावे.

आता सावलीची गोष्ट. होडीवर डोलकाठी असते, शीड असते, दोरखंड असतात. त्यांची सावली पॅनेलवर पडतेच. पॅनेलमधले तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. विहीर खणताना माणसे रांगेने घमेली पुढे देतात ना, तसे. एक माणूस थांबला की रांग अडते. चांगल्या पॅनेलात अडलेला भाग वगळून बाकीचे काम चालू राहते. पण त्या भागाची वीज गेली ती गेलीच. तेव्हा ‘सावलीत फरक नाही’ हे बोलणे खरे नव्हे.

चांदण्याचे काय? पौर्णिमेचे चांदणे सूर्याच्या उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाएवढे असते. त्यावर दिवा लागत नाही.

उन्हाच्या तापानेही वीज घटते. पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानावर मोजलेले असतात. उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर शंभरातले १२ ते १६ भाग कमी होतात. पातळ पॅनेल होडीच्या फळीला चिकटवून टाकले की खालून वारा लागत नाही, मग ते अधिकच तापते.

मग समुद्रावर सोलर खोटे म्हणायचे का? मुळीच नाही. ‘प्लॅनेटसोलर’ नावाचे जहाज २०१० साली मोनाकोहून निघाले, आणि नुसत्या उन्हाच्या विजेवर पृथ्वीला वळसा घालून २०१२ साली परत आले. त्याला शीड नव्हते. पण पॅनेल किती होते? ५३७ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांहून जास्त! त्यातून भर उन्हात सुमारे ९३ हजार वॅट मिळत. भागाकार करून पाहा. चौरस मीटरला पावणेदोनशे वॅट येतात. हिशेब आपल्या मापात बसतो. खऱ्या कामाचा हिशेब असाच बसतो. आपल्या देशातही केरळात वैकमला जानेवारी २०१७ मध्ये ७५ उतारूंची सौर बोट सुरू झाली.

नव्या गोष्टी येतात, हेही खरे. १९५४ साली अमेरिकेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर तुकडा दाखविला गेला. तो शंभरातले सहाच भाग वीज करी. आज बाजारात वीसच्या वर मिळतात. पण त्याला कितीतरी वर्षे लागली. एका रात्रीत झाले नाही.

म्हणून विकणाऱ्याला एवढे विचारावे:

१. पॅनेलची लांबी-रुंदी किती? वॅट किती?
२. हे कोणी मोजले? स्वतः विकणाऱ्याने, की दुसऱ्या जाणत्या संस्थेने? कागद दाखवा.
३. समुद्रावर नेणार असाल तर खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का?
४. बिघडले तर भरून कोण देणार? लेखी द्या.

आणि साऱ्या पैशांचा सौदा एकदम करू नये. एक पॅनेल आणावे, भर दुपारी मीटर लावून मोजावे, मग पुढचे ठरवावे. खरा विकणारा या प्रश्नांनी रागावत नाही. “आजच घ्या, उद्या मिळणार नाही” अशी घाई करील, त्याच्यापासून जपावे.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे लोक शिडाच्या होडीतून जग हिंडतील. पण सोलरचा दिवा आणि सोलरचा पंप विकणारा आपल्या दारात येतो. कर्ज काढून घेतलेला पंप चालला नाही, तर पीक वाळते आणि हप्ता तर भरावाच लागतो. होडीवाल्याला जे माप लागू, तेच आपल्यालाही लागू आहे. विचारायची लाज धरू नका. आता आपल्याला वाचता येते, हिशेब येतो. त्याचा उपयोग इथेच करायचा.

प्रश्न

१. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर किती ऊन पडते? त्यातून किती वीज मिळते?
२. दोन चौरस मीटरचे पॅनेल ४०० वॅट देते, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, “माझे तेवढेच पॅनेल ९०० वॅट देते.” जास्त पुरावा कोणाकडे मागाल? का?
३. तुमच्या गावात कोणाकडे सोलर पॅनेल असेल, तर त्यामागची चिठ्ठी वाचा. वॅट आणि लांबी-रुंदी वहीत लिहून घ्या आणि हिशेब करून पाहा.